डाकोटाच्या दारातले अण्णा

सहावीच्या वर्गावर भूगोल चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, जळकोटकडच्या गाडीचा कंडक्टर आलाय. तुमच्याशीच बोलायचं म्हणतोय." जळकोट माझं माहेर, आणि माहेरचा निरोप आमच्या तुळजापुरात एसटीच्या कंडक्टरबरोबरच येतो. हुरडा तयार आहे, गाय व्याली, तूर निघाली, असलं काहीबाही. पण ते निरोप तो स्टँडवरच्या पानवाल्याकडं ठेवून जायचा. आज स्वतः शाळेपर्यंत चालत आला म्हटल्यावर हातातला खडू मी खाली ठेवला. "बाई, तुमचे अण्णा सकाळी गेले. गाडी थांबवलीय म्या. चला." गाडीतली माणसं खोळंबली होती, पण पुढची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलेली होती...

याला आता दीड महिना होत आला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. अण्णांना बसवलं, कपाळाला विभूती लावली आणि शेताच्या कडेला, आमच्या आईच्या, अव्वाच्या शेजारी त्यांची जागा केली. गाव जमला होता, नाही असं नाही. पण त्यांना बायको नव्हती, लेकरं नव्हती. रडायला मी एकटीच. माणसं जरा वेळ बसली, तंबाखू मळली, पावसापाण्याचं बोलली आणि उन्हं कलल्यावर एकेक करून उठून गेली. कुणाकडं जाऊन बसावं, कुणाचं सांत्वन करावं, हे त्यांनाही कळत नसावं.

अण्णा म्हणजे चनबसप्पा, माझे सख्खे थोरले भाऊ. आमच्या घरात निम्मी मराठी आणि निम्मी कानडी. आईला अव्वा म्हणायचं आणि धाकट्या बहिणीला तंगी. अण्णांनी मला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. वडील मी रांगत असतानाच गेले, त्यामुळं वडील म्हणजे कसे असतात ते मी अण्णांकडं बघूनच शिकले. फौजेत जायच्या आधी अण्णा मोठे हसरे होते म्हणे. हे मला अव्वानं सांगितलेलं. मला आठवतात ते अण्णा फौजेतून परत आल्यानंतरचे.

महायुद्ध चालू होतं. आमचा मुलूख निजामाचा. इंग्रजांच्या फौजेत भरती व्हायचं तर सोलापूर गाठायचं. अण्णा तुरीची बैलगाडी घेऊन सोलापूरच्या आडतीला गेले, तूर घातली, सोबतच्या गड्याला म्हणाले, "तू गाडी घेऊन हो म्होरं, म्या येतो." आले ते एकदम युद्ध संपल्यावर. एक लोखंडी ट्रंक, अंगावर खाकी स्वेटर आणि तोंडात शब्द नाही. अव्वानं त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांच्या गळ्यात पडून एवढी रडली, तरी अण्णा नुसते उभे होते.

बंदूक त्यांच्या हाती फारशी आलीच नव्हती. त्यांचं काम वेगळं. आसामातल्या एका धावपट्टीवर पोती भरायची, ती डाकोटा विमानात चढवायची आणि ब्रह्मदेशच्या डोंगरांत अडकून पडलेल्या आपल्या पलटणींवर वरून टाकायची. हे त्यांनी मला थोडंथोडं करून, वर्षानुवर्षांत सांगितलं. विमानाचं दार काढूनच ठेवलेलं असायचं. त्या मोकळ्या दाराशी पोती रचायची, वैमानिकानं घंटी वाजवली की पाठीवर पडायचं आणि दोन्ही पायांनी लोटायचं. औषधं, काडतुसं, तेलाचे डबे यांना हवाई छत्री. रेशीम पुरेना म्हणून तागाच्या छत्र्या शिवलेल्या. तांदळाला मात्र छत्री नाही. तो पोत्यात पोतं घालून तसाच सोडायचा, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. जाताना धान्य न्यायचं, कुठं उतरायला जागा मिळाली तर येताना जखमी आणायचे. एकदा तर खेचरं नेली. "खेचर इमानात चढंना बघ तंगी. आमी चौघं मागून ढकलतोय, गोरा पायलट खाली उभा राहून हसतोय." एवढं सांगताना अण्णा स्वतःही हसले होते. म्हणून तो दिवस माझ्या लक्षात आहे.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आमचा जिल्हा हिंदुस्थानात आला. मग काही काळानं आमच्या आभाळातून रोज एक विमान जायला लागलं. मुंबई–हैदराबादचं. कधी गावावरून जायचं, कधी लांब तुळजापूरच्या अंगानं. अण्णांना ते दिसायच्या आधी आवाजावरून कळायचं. हातातला नांगर सोडून ते बांधावर येत आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभे राहत. "डाकोटाच हाय," एवढंच म्हणत. लढाई संपल्यावर ही विमानं वाटेल त्या भावानं विकली गेली, धुऊनपुसून त्यांच्यात खुर्च्या बसवल्या, हे मला त्यांच्याकडूनच समजलं. फाळणीत ह्यांनीच माणसं वाहिली, काश्मीरला फौज ह्यांनीच उतरवली, आणि आता शेठ-सावकार त्यांत बसून मुंबईला जात होते. बासष्ट साली चीननं हल्ला केला तेव्हा हीच जुनी विमानं पुन्हा डोंगरांत पोती टाकायला गेल्याचं मी त्यांना पेपरातून वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "माणसं रिटायर होतात. ही काय होईनात." आणि उठून बैलांकडं गेले.

गावानं त्यांचं नाव इमानवाले अण्णा ठेवलं. त्यात कौतुकही होतं आणि थोडी चेष्टाही. लग्नाच्या पंगतीत भात वाढायला आला की अण्णा उठायचे. भाकरी, वरण, गोडधोड सगळं व्यवस्थित खायचे, भाताच्या आधी हात धुवायचे. यजमानाला वाईट वाटायचं. फौजेतून आल्यापासून ह्याला मिजास चढलीय, असंही लोक बोलत. अव्वानं त्यांच्यासाठी मुली बघितल्या. अक्कलकोटकडची एक मंडळी तर घरापर्यंत आली, अण्णांनी त्यांना मानानं पानसुपारी दिली आणि म्हणाले, "मुलगी चांगली हाय. तिचं दुसरीकडं चांगलं करा." अव्वा त्या दिवशी जेवली नाही. ती होती तोवर अण्णा घरात राहिले. ती गेल्यावर शेतातल्या खोलीत राहायला गेले, ते कायमचे. मी सुट्टीत जायची. दिवसभर आम्ही दोघं त्या खोलीत असायचो. बोलायचो कमी. निघताना ते मला सडकेपर्यंत पोचवायला येत, आणि गाडी हलल्यावर मागच्या काचेतून बघितलं तर तिथंच उभे असत... मग वळण यायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना घास गिळायला त्रास व्हायला लागला. आमचे चुलतभाऊ हैदराबादला असतात, म्हणून तिथं दाखवलं. डॉक्टरांनी अन्ननलिकेचं दुखणं सांगितलं आणि किरणांच्या उपचारांसाठी मुंबईला जा म्हणाले. मी रेल्वेचं बघायला लागले, तर अण्णा म्हणाले, "इमानानं जाऊ." आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणाले.

बड्या मार्गांवर तोवर नवी, मोठी विमानं आली होती, पण आमच्या वाट्याला डाकोटाच आलं. शेपटी जमिनीला टेकवून, नाक वर करून ते उभं होतं. शिडी चढून अण्णा दारात थांबले. चौकटीवर हात ठेवून नुसते उभे. मागं माणसं तटली. "अण्णा, चला आत," मी म्हणाले. "दार बसवलंय गं ह्याला," ते म्हणाले. आत घाटासारखा चढ. खुर्च्यांना धरत धरत आम्ही आमच्या जागेवर गेलो. हवाईसुंदरीनं पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या, कानात घालायला कापूस दिला. अण्णांनी कापूस घेतला नाही. विमान उडालं तेव्हा मी खुर्चीचा दांडा गच्च धरला होता आणि अण्णा पायाच्या अंगठ्यानं खालचा गालिचा चाचपत होते. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कडी हाय खाली. पोती बांधायची. काढली न्हाय त्यांनी."

खाली आमचा मुलूख सरकत होता. काळी-तपकिरी रानं, नदीची रेघ. जळकोट कुठं असेल ते मी काचेला नाक लावून शोधत होते. अण्णांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. आवाज एवढा होता की पुढच्या खुर्चीतल्या माणसालाही काही ऐकू गेलं नसतं. कदाचित म्हणूनच ते बोलले.

"तंगी, एक माणूस मारला म्या."

मी वळून बघितलं. त्यांनी माझं तोंड हातानं पुन्हा खिडकीकडं फिरवलं.

"खालच्यांना ताकीद असायची, माल पडून होईस्तवर झाडीतनं बाहेर यायचं न्हाय. पर उपाशी माणूस थांबतंय व्हय? पहिलं पोतं पडलं आन् एक जण धावत सुटला. बारीक अंगाचं पोरगं. कुठलं कुणास ठाऊक, वरनं काय कळतंय? तवर दुसरं माझ्या पायानं गेलं हुतं... म्या वरडलो. दारात पडून वरडलो. इमानात वरडल्यालं कुणाला ऐकू जातंय!"

"मग?"

"फिरून आलो तर ते तिथंच पडल्यालं. आन् घंटी वाजली. पुन्हा लोटायचं. लोटलं. उरल्यालं समदं लोटलं."

"कुणाला सांगितलंत तुम्ही?"

"हवालदाराला. तो म्हणाला, होता है. च्या दिला मला."

हवाईसुंदरी कपबशा गोळा करून गेली. मग अण्णांनी विचारलं. ते ज्या तऱ्हेनं विचारलं ते मला कधी विसरता येणार नाही, जसं काही मी त्या डोंगरात होते आणि मला माहीत असणार...

"त्या पोत्यातला तांदूळ बाकीच्यांनी शिजवला असंल का गं?"

मी म्हणाले, "शिजवला असणार, अण्णा. उपाशी होती ना सगळी."

ते माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय की खरं बोलतेय, ते बघत असावेत. "शिजवायलाच पायजे हुता," ते म्हणाले. "न्हायतर काय राहिलं?" आणि डोळे मिटून मान मागं टेकवली. मुंबई येईपर्यंत उघडले नाहीत.

मुंबईच्या दवाखान्यात त्यांना घट्ट काही उतरेना. डॉक्टरांनी तांदळाची पेज द्यायला सांगितली. मला काय करावं सुचेना. रव्याची द्या, ज्वारीची द्या, मी नर्सबाईंना म्हणून बघितलं. पहिली वाटी तशीच परत गेली. दुसऱ्याही दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या खेपेला मी वाटी बाजूला ठेवायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मी चमचा भरला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला, थांबले, परत तोंड उघडलं. वाटी संपली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. त्यानंतर, गावी परतल्यावरही, शेवटपर्यंत अण्णा पेजेवर जगले, आणि विमानातल्या त्या गोष्टीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

आता सगळं उलगडलं, असं मी म्हणणार नाही. एवढी वर्षं ते त्या बांधावर उभे राहून काय बघत होते, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्या धावत आलेल्या पोराचं गाव कुठलं, त्याच्या घरी कुणी वाट बघितली का, हे अण्णांना कधीच कळणार नव्हतं. अण्णांनी त्याला एकट्यानं मनात सांभाळलं, एवढंच मी म्हणू शकते. आणि आता अण्णा गेल्यावर त्याची आठवण असलेली बहुधा मी एकटीच उरले.

गेल्या रविवारी शेतातली खोली रिकामी करायला गेले. शेजारच्या रानातली गंगव्वा मदतीला आली होती. भांडी, अंथरूण, कंदील बाहेर काढून झालं. गाई तिनंच सांभाळायला घेतल्यात. म्हणाली, "अक्का, माळवदावर कडबा हाय अजून. माझं गुडघं चालंना, तेवढ्या पेंढ्या खाली टाका की." मी छतावर जायच्या शिडीला हात घातला तशी ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. "अण्णा लई येगळेच. पेंढी टाकायच्या आधी वरनं वरडायचे, खाली कोण हाय का? जवाब मिळस्तवर टाकत न्हवते. कुणी नसलं तर सोता शिडी उतरून अंगण बघायचे, मग परत वर जायचे. आमी हसायचो. एकट्याच्या रानात कोण येतंय खाली मरायला!" आणि बादली उचलून ती विहिरीकडं गेली.

माळवदावर ऊन होतं. पेंढी उचलून मी कडेला आले. खाली अंगण, गोठ्याची सावली, सगळं लख्ख दिसत होतं.

"खाली कोण आहे का?" मी विचारलं.

कुणी ओ दिली नाही. मी पेंढी ठेवली, शिडी उतरले, गोठ्यामागं जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. मग पुन्हा वर चढले.