सुहासिनीताईंची चूक

सुहासिनीताईंना मदत करणं हा आमच्या जयपूरच्या झोटवाड्यातला सार्वजनिक उद्योग आहे. त्यांची चाकाची खुर्ची सोसायटीच्या फाटकाबाहेर आली की चौकीदार ती ढकलायलाच लागतो. कुठे जायचंय ते विचारत नाही. एकदा त्या पोस्टात निघाल्या होत्या, तर त्यानं त्यांना थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभं केलं. खुर्चीतलं माणूस दवाखान्यातच जाणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं. भाजीवाला टोमॅटो स्वतःच निवडून त्यांच्या पिशवीत टाकतो. "मॅडमजी, आप क्यूँ तकलीफ़ करती हो?" घरी आल्यावर निम्मे टोमॅटो पिचके निघतात आणि त्याबद्दल त्याला बोलायचीही सोय नसते, कारण बिचारा मदत करत होता.

पाहुण्याला आग्रह करकरून वाढण्याला इकडे मनुहार म्हणतात. नको म्हटलं की आणखी एक पुरी पडते. सुहासिनीताई म्हणतात, "एकोणतीस वर्षं मी या गावात पाहुणी आहे, देवयानी. माझ्या ताटातलं संपतच नाही."

त्या मूळच्या मिरजेच्या. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पाय लुळे. संख्याशास्त्रात पीएच.डी. करून सत्ताविसाव्या वर्षी जयपूरच्या एका कॉलेजात लागल्या. आज छप्पन्न वर्षांच्या आहेत. एवढ्या वर्षांत त्यांना परीक्षा-समितीवर घेतलं नाही, विद्यार्थ्यांच्या सहलीवर नेलं नाही, साधं वेळापत्रक करायला दिलं नाही. "मॅडम, आप आराम कीजिए." निवृत्तीला चार वर्षं उरलीत आणि आराम अजून चालूच आहे.

मी देवयानी, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. माहेर नगरचं, नोकरी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. दुसऱ्यांकडून वेळेत काम करून घेणं हा माझा धंदा. समोरचा माणूस सावकाश काही करताना दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

गेल्या पावसाळ्यात ताईंनी मला एक जाहिरात दाखवली. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, जानेवारीत पाच दिवस, गोव्याहून कोचीला. माणसं चाळीस, सगळी नवशिकी. त्यातली निम्मी अपंग, निम्मी धडधाकट, आणि दोघादोघांच्या जोड्या. प्रवासी कुणीच नाही. दोर ओढणं, डेक घासणं, बटाटे सोलणं, सुकाणू धरणं, सगळं सगळ्यांनी करायचं. ताईंना जोडीदार हवा होता. नाही म्हणायची मला लाज वाटली म्हणून मी हो म्हटलं. जयपूरच्या माणसाला पाणी म्हणजे टँकर, समुद्राशी त्याचा काय संबंध?

ताईंनी मात्र जाहिरातीतल्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. प्रत्येक जोडीला रोज एक तास सुकाणूवर मिळेल. "मला हा तास पाहिजे," त्या म्हणाल्या. "अख्खा. माझ्या एकटीच्या हातात."

दर रविवारी आमच्या गच्चीवर तयारी सुरू झाली. जयपूरजवळच्या बगरूहून गोविंदजी बसनं यायचे, त्यांनीही याच जहाजावर नाव नोंदवलं होतं. ते लाकडी ठशांनी कापड छापणारे, पन्नाशीचे. दहा वर्षांपूर्वी तापात दोन्ही कान गेले. ओठांवरून समोरच्याचं समजून घेतात आणि स्वतः इतक्या मोठ्यानं बोलतात की शेजारची गल्ली ऐकते. पाण्याच्या टाकीला दोर बांधून आम्ही पुस्तकात बघून गाठी घालायचो. ताईंची बोटं सावकाश चालायची, दोर दोनदा उलटा जायचा, आणि तिसऱ्यांदा मी तो हातातून काढून घेऊन गाठ पुरी करून टाकायची. "झालं बघा," मी म्हणायची. ताई दोर गुंडाळून ठेवायच्या. चार महिन्यांत त्यांनी एकही गाठ शेवटपर्यंत घातली नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

जहाजावर आमच्या पाळीची प्रमुख होती सुवर्णा, रत्नागिरीची, तिशीतली, आवाज भोंग्यासारखा. पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितला. "कुणाच्या हातातला दोर मागितल्याशिवाय घ्यायचा नाही. मग तो माणूस कितीही वेळ लावो. कळलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर जोरातच डोलावली.

आमची पाळी दुपारी बारा ते चार. दुसऱ्या दिवशी ताईंची खुर्ची सुकाणूमागे डेकवरच्या कड्यांना पक्की बांधली. समोर त्यांच्या खांद्याइतकं उंच चाक, त्याच्यापुढे होकायंत्र. दिशा एकशे साठ. सुवर्णानं समजावलं होतं की जहाज उशिरा ऐकतं, चाक थोडं फिरवायचं आणि थांबायचं. दहा मिनिटं ठीक गेली. मग काटा सरकायला लागला. एकशे पंचावन्न, एकशे पन्नास. ताईंनी चाक थोडं फिरवलं आणि थांबल्या. मला थांबवेना. मी वाकले, चाकाच्या दोन दांड्या धरल्या आणि जोरात फिरवलं. जहाज वळलं, पलीकडे भलतंच वळलं, आणि मग मीच ते कसंबसं सरळ केलं. सुवर्णा आली, माझ्या हातांकडे बघितलं आणि नोंदवहीत लिहिलं, सुकाणूवर देवयानी.

"ताईंचा तास आहे तो," मी म्हटलं.

"ज्याचे हात चाकावर, त्याचं नाव वहीत," ती म्हणाली.

त्या दिवशी ताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला रागच आला. जहाज वाचवलं म्हणून आभार मानायचे सोडून वर रुसवा!

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता आणि मी कठड्यापाशी बादली धरून बसले होते. ताईंची खुर्ची बांधली जात होती तेवढ्यात चाक रिकामं दिसलं म्हणून गोविंदजी तिथं जाऊन उभे राहिले. "बाईसा, आप बिराजो! मैं हूँ ना!" एवढं ओरडून त्यांनी पाठ फिरवली. आता ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याच्या पाठीशी कसं बोलायचं? ताई ओरडल्या. टाळ्या वाजवल्या. शेवटी पायातली चप्पल काढून त्यांच्या पाठीवर मारली, ती वाऱ्यानं समुद्रात गेली. सुवर्णा पुढच्या शिडाशी अडकली होती. बाकीच्यांना वाटलं मजा चाललीय, त्यांनी फोटो काढले. मी बादलीतून डोकं वर काढून हे सगळं बघत होते आणि मला उठताही येत नव्हतं. सुवर्णा परत आली तेव्हा ताईंचा तास संपायला सहा मिनिटं होती.

चहाच्या वेळी ताई फुटल्या. आवाज मात्र चढवला नाही.

"एकोणतीस वर्षांत माझ्या हातून एकही गोष्ट बिघडलेली नाही, माहितीय तुला? सगळं कॉलेज म्हणतं, पंडित मॅडमची कधी चूक होत नाही. कशी होईल? बिघडेपर्यंत कुणी काही माझ्या हातात ठेवतच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, ते जहाज आहे. चाळीस माणसं आहेत त्याच्यावर. तुमच्या हौसेसाठी बुडवायचं का?"

"मग सुवर्णा तिथं कशाला उभी असते? काल तू चाक गरगर फिरवलंस तेव्हा बुडालं का? तुला चुकायची परवानगी आहे. मला नाही."

मी आणखीनच चिडले. गोविंदजी समोर बसून आमच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते. आम्ही मराठीत भांडत होतो, त्यांना शब्द कळले नसतील. पण त्यांनी हातातली खारी मठरी परत डब्यात ठेवली आणि ताईंना आग्रह केला नाही.

चौथा दिवस शेवटचा. पाचव्या दिवशी सकाळीच बंदर येणार होतं, त्यामुळे नवशिक्यांना सुकाणू नव्हतं. दुपारी दोन वाजता ताईंची खुर्ची बांधून झाल्यावर मी नेहमीच्या जागी, त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले.

"हाताची घडी, तोंडावर बोट," ताई म्हणाल्या. शाळेतल्या बाईंसारख्या.

मी घडी घातली. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "टिकायची नाही ही. हात पुढे कर."

त्यांच्या मांडीवर हातभर दोर होता. त्यांनी तो माझ्या मनगटांभोवती घेतला आणि गच्चीवर शिकलो होतो ती, टोक ओढलं की सुटणारी गाठ घालायला लागल्या. एकदा चुकली. सोडली. दुसऱ्यांदा चुकली. माझी बोटं वळवळत होती, पण हात त्यांच्याच दोरात होते, घेणार काय? तिसऱ्यांदा गाठ बसली. सुवर्णानं येऊन बघितलं, टोक माझ्या बोटांपर्यंत पोचतंय याची खात्री केली, आणि मागे जाऊन उभी राहिली.

"एकशे साठ," सुवर्णा म्हणाली.

"एकशे साठ," ताईंनी परत म्हटलं आणि चाक हातात घेतलं.

वीस मिनिटं काटा एकशे साठच्या आसपास राहिला. मग मागून एक मोठी लाट आली, जहाजाचं ढुंगण उचललं गेलं आणि काटा डावीकडे पळाला. एकशे पन्नास. ताईंनी चाक फिरवलं, पण उलट्या बाजूला. एकशे पंचेचाळीस. एकशे चाळीस. मागचं शीड फडफडायला लागलं, वरची काठी खाडकन वाजली. कुणीतरी किंचाळलं. माझ्या बोटांनी टोक ओढलं. हो, ओढलं. त्या गाठीवर, त्या बाईवर, कशावरच माझा विश्वास नव्हता. दोर गळून पडला आणि मी चाकाकडे झेपावले.

माझी दोन्ही मनगटं कुणीतरी धरली. ठसे मारून मारून घट्टे पडलेले हात, सुटायचं नावच नाही. "करने दो बाईसा को!" गोविंदजी माझ्या कानात एवढ्या मोठ्यानं ओरडले की पुढच्या डोलकाठीपर्यंत ऐकू गेलं असेल.

ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या काट्याकडे बघत होत्या. एकशे पस्तीस. त्यांनी चाक थांबवलं, मग उजवीकडे फिरवलं, आणि थांबल्या. जहाज ऐकेना. तरी थांबल्या. काय भयंकर वेळ होता तो! मग काटा हलला. एकशे चाळीस, एकशे पन्नास. शीड ताठ झालं.

सुवर्णा खुर्चीपाशी आली आणि तिनं ताईंना झापलं. "लक्ष कुठे होतं? काटा डावीकडे जातोय तर चाक कुठे फिरवायचं? पहिल्या दिवसापासून सांगतेय! माणसं वर शिडावर असती तर?" माझ्या आयुष्यात मी सुहासिनीताईंशी कुणाला असं बोलताना ऐकलेलं नाही. मी मधे पडणार होते, पण माझे हात अजून गोविंदजींच्या ताब्यात होते.

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "परत नाही होणार."

"दिशा?"

"एकशे साठ."

उरलेली चाळीस मिनिटं त्यांनी चाक सोडलं नाही. तीन वाजता खुर्ची सोडवली तेव्हा त्यांचे दंड लटपटत होते आणि त्या रडत होत्या. पाण्याची बाटली मी पुढे केली नाही. त्यांनी मागितली तेव्हा दिली.

आता झोटवाड्यात त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक चौकट लावलेली आहे. जहाजाच्या नोंदवहीतल्या एका पानाचा फोटो. त्यात सुवर्णाच्या अक्षरात दोन ओळी आहेत. दोन वाजून वीस मिनिटं, दिशा पंचवीस अंशांनी सुटली, चाक उलट फिरवलं गेलं, दिशा परत घेतली. सुकाणूवर सुहासिनी पंडित.

परवा शेजारच्या कलावतीभाभींनी ती चौकट बघून हात जोडले. "सर्टिफिकेट मिला, बहनजी? आपने तो कमाल कर दिया!"

"नहीं जी," ताई म्हणाल्या. "मेरी गलती है."

भाभींना वाटलं ताई विनयानं बोलताहेत.

चौकीदार अजून खुर्ची ढकलतो, टोमॅटो अजून पिचके येतात, आणि कॉलेजनं यंदाही परीक्षा-समितीवर घेतलेलं नाही. ताईंनी या वेळी लेखी अर्ज दिला होता. उत्तर आलं, आपल्या प्रकृतीची आम्हाला काळजी आहे. तो कागद त्यांनी फाडला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला.

रविवारी मी खाली त्यांच्याकडे चहाला जाते. चहा त्याच करतात. पातेलं उचलताना त्यांचा हात तिरका होतो, निम्मा चहा ओट्यावर जातो, तो पुसायचं फडकं नेमकं पलीकडच्या खुंटीला असतं आणि तिथवर खुर्ची वळवून जायला त्यांना पाऊण मिनिट लागतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. फार त्रास होतो.