तारक्का श्रावणात निघाली

तारक्का कुणाचा सल्ला विचारू लागली की आमची आई म्हणायची, "झालं. हिचं ठरलेलं दिसतंय." मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत लोक मुलीला कॉलेजात घालायचं की नाही यावरही वर्षभर खल करत. तारक्का मनाशी ठरवून मोकळी व्हायची आणि मग दारोदार जाऊन म्हणायची, "स्वल्प विचारायचं होतं."

ती आईची लहानपणची मैत्रीण. दोघींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचीच, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी. बाविसाव्या वर्षी तारक्काचा नवरा गेला. ती माहेरी परतली, शिकली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. वडिलांमागं घरही तिच्याकडे आलं. रोज संध्याकाळी ती बाजारातून हातभर मोगऱ्याचा गजरा आणायची आणि उशाशी बशीत ठेवायची. शेजारच्या भीमराव अण्णांनी एकदा टोकलं, विधवेला फुलं कशाला? तारक्का शांतपणे म्हणाली, "डोक्यात घालायची बंदी आहे ना, अण्णा. वास घ्यायची कुठं आहे?"

साठ सालाच्या आसपास तिच्या परसातल्या दोन खोल्यांत एक परदेशी इंजिनिअर भाड्यानं राहिला. गाव दक्षिण अमेरिकेतलं, ब्वेनोस आयरिस. कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली, अबोल माणूस. तो पायरीवर बसून बिसीबेळे भात खायचा आणि तारक्का उंबऱ्याच्या आत बसून त्याला कानडी आकडे शिकवायची. आकडे चुकले की दोघंही हसायची. सगळी गल्ली हे बघत होती. दोन वर्षांनी तो गेला, खोल्यांना कुलूप लागलं आणि आम्ही त्याला विसरलो.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी तारक्का आमच्या ओसरीवर आली. "स्वल्प विचारायचं होतं," म्हणाली. "ब्वेनोस आयरिसला जायचं तर कुठला मोसम चांगला?"

शाळेचं काही काम असेल असं आम्हांला वाटलं. मी कॉलेजात होते. माझा नकाशांचा मोठा ग्रंथ बाहेर आला. भीमराव अण्णाही येऊन बसले. मे महिना उत्तम, शाळेला सुट्टी असते, असं त्यांनी सांगून टाकलं. मी म्हटलं, "अण्णा, मे महिन्यात तिथं थंडी सुरू होते. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा."

"एकाच पृथ्वीवर देवानं दोन पंचांगं ठेवलीत?" अण्णांना ते पटेना. मग डिसेंबर-जानेवारी निघाला. तेव्हा तिथं उकाडा. राहता राहिला त्यांचा वसंत, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढं. पण बोटीनं पोचायलाच महिना-सव्वा महिना लागणार. आई बोटांवर मोजून म्हणाली, "म्हणजे श्रावणात निघायला हवं. चातुर्मासात कुणी समुद्र ओलांडतं का, तारा? दिवाळी तरी होऊ दे."

"दिवाळीनंतर निघाले तर तिथला वसंत संपेल," तारक्का म्हणाली. "श्रावणच. सरी, ठरलं तर."

भीमराव अण्णा हसले. "एवढी घाई कसली? लग्नाला जायचंय का?"

"हो."

"कुणाच्या?"

"माझ्या."

अण्णांचा हसरा चेहरा तसाच राहिला, त्यांना तो आवरता येईना. आई उठली आणि आत गेली. माझ्या हातातला ग्रंथ मिटायचंही मला सुचलं नाही. पन्नाशीला आलेली, शाळेत मुलांना पाढे शिकवणारी आमची तारक्का. मला सर्वांत मोठा धक्का बसला तो याचा, की सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि आम्हांला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

हळदीकुंकवाला तिला बोलावत नव्हतेच. आता सत्यनारायणाच्या प्रसादालाही बोलावेनात. आईनं आमच्या आणि तिच्या परसामधलं फाटक लावून घेतलं. मी मात्र जात राहिले. एकदा विचारलं, "अक्का, भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती साडीची घडी घालत म्हणाली. "त्यानं जाताना विचारलं होतं. मी म्हटलं, विचार करते. वर्षभर केला. तो म्हणाला होता, माझ्या गावात पहिलं पाऊल ठेवशील ते वसंतात ठेव, झाडांना पालवी असते. मला आजवर इतकं जपून कुणी बोलावलं नव्हतं गं."

श्रावणातल्या एका सकाळी सिटी स्टेशनवर तिला पोचवायला मी एकटीच होते. मुंबईला जाऊन बोट धरायची होती. गाडी सुटायला थोडा वेळ असताना फलाटावरून आई येताना दिसली. चेहरा घामानं डबडबलेला. ती सरळ खिडकीशी गेली.

"तिथं नाही जमलं तर परत ये," आई म्हणाली. "महिना बघू नकोस, तिथी बघू नकोस. माझ्याकडे ये."

गाडी हलेपर्यंत तारक्कानं आईचा हात सोडला नाही.

ती परत आली नाही. तशी वेळच तिच्यावर आली नाही. पण त्या सकाळी हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही मायलेकी गल्लीत शिरलो तेव्हा भीमराव अण्णा आपल्या फाटकात उभे होते.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

आई थांबली. पदर सारखा करून, शेजारच्या घरांतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेली. वसंतात पोचेल."