अवीने माझा वर्ग मोजला

अवी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आलं, यानं हेही नीटच केलं. रविवारी दुपारी जेवून ‘जरा पडतो’ म्हणाला आणि उठलाच नाही. ना हॉस्पिटल, ना कुणाची धावपळ... जाण्यातही काटकसर. भाऊ गेल्याचं ऐकून हेवा वाटणारा माणूस मी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अवी माझा मावसभाऊ. लहानपणी त्याचे मार्क रोज माझ्या ताटात वाढले जात. मोठेपणी त्याने कामही असं निवडलं की मार्क द्यायचे त्यानेच. विद्यापीठं, कॉलेजं त्याला बोलावत. एका पदवीमागे खर्च किती, कुठली खोली किती वेळ रिकामी, कुठल्या विषयाला मास्तर जास्त आणि मुलं कमी, हे तो काढून द्यायचा. मी मुलुंडच्या एका कॉलेजात अर्धमागधी शिकवतो. आमच्यातला परवडणारा कोण, हे मावशीलाही कळत होतं.

एका वर्षी तो आमच्याच कॉलेजात आला. आमचं नातं त्याने कॉलेजच्या समितीला आधीच कळवलं होतं. त्यामुळे कुणाला फरक पडला नाही, मला मात्र धीर आला. घरचा माणूस, सांभाळून घेईल. शनिवारी माझ्या तासाला तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. पूर्ण तास. त्या दिवशी मी जसं शिकवलं तसं आधी कधी शिकवलं नव्हतं. मुलं गेल्यावर त्याने पिशवीतून थर्मास काढला, स्टीलच्या दोन पेल्यांत चहा ओतला.

“सुध्या, तुझा वर्ग बंद करा असं लिहिणार आहे मी. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.”

“वाईट शिकवतो का रे?”

“झकास शिकवतोस. पण चार पोरांपुढे. घाटकोपरला तीन कॉलेजांची मुलं एकत्र बसव ना.”

“आणि माझी नोकरी?”

“ती राहील. वर्ग जाईल. दोन्ही एक नाहीत, यार.”

मी चहा संपवला, पण त्याच्याशी कित्येक महिने बोललो नाही. घाटकोपरचा वर्ग मात्र भरला. मुलं प्रश्न विचारू लागली, माझ्या आवाजात जीव आला... आणि हेही त्याच्यामुळेच, म्हणजे धड रागवायचीही सोय नाही. एक समाधान तेवढं मी जपून ठेवलं होतं. स्वतः आला, घरून चहा घेऊन आला. एवढं माणूस आपल्या माणसासाठीच करतो.

बोरिवलीला शोकसभा होती. हॉल भरलेला, मागे लोक उभे. त्यातले निम्मे असे, की ज्यांचं काही ना काही याने बंद केलेलं. मी जन्मात कुणाचं काही बंद केलं नाही, आणि माझ्या वेळी खुर्च्या उरतील. मी थर्मासची गोष्ट घोकून गेलो होतो. माझ्याआधी अंधेरीचे एक निवृत्त तत्त्वज्ञानाचे सर उठले. त्यांचा अख्खा विभाग अवीने मिटवला होता. म्हणाले, “ते स्वतः आले. थर्मास घेऊन.” मागून फ्रेंचच्या एक मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडेपण.” मग एका प्रयोगशाळेचे कुणी. मी बसल्या जागी जळत होतो. मेला, तरी जळवतोय. माझी पाळी आली तेव्हा ‘मी त्याचा मावसभाऊ’ एवढंच बोलून खाली बसलो.

शेजारचे तत्त्वज्ञानाचे सर माझ्याकडे कलले. “तुमच्याकडेही चहा आणला होता?”

“हो.”

“माझा बिनसाखरेचा होता. मला मधुमेह आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.”

माझ्या चहात गवती चहा होता. मावशीच्या चारकोपच्या बैठ्या घरापुढे त्याचं बेट होतं, आणि सुट्टीत पाती तोडून आणायचं काम आम्हा दोघांचं. मावशी गेली, घर विकलं गेलं. त्या शनिवारी त्याने ती पाती कुठून मिळवली, हे विचारायचं राहूनच गेलं. सरांना मी यातलं काही सांगितलं नाही. आता हे छापून आल्यावर ते वाचतीलच. वाटू दे त्यांनाही थोडा हेवा.