जागेवरचं इंजिन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जो आधी गाडी लावेल त्याचं पार्किंग. तिथे एक काका रोज जुन्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसतात. नाव मला ठाऊक नाही. इंजिन त्यांनी स्वतःच उघडलंय. चारही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत, म्हणून किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवून जड असेल तो कानशीने घासतात. घासलेला हमखास सगळ्यात हलका होतो, मग उरलेले तिन्ही घासायला घेतात. कनेक्टिंग रॉडचीही तीच गत.

“काका, दिवाळीपर्यंत चालू होईल ना गाडी?” माझी गाडी रस्त्यावर उभी असते, म्हणून मी खवचटपणे विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. “वेडा आहेस का रे? चालू झाली तर बाहेर काढावी लागेल. परत येईपर्यंत ही जागा राहील?”

आणि त्यांनी सगळ्यात हलका पिस्टन घासायला घेतला.