आधी घोडी व्हा

हे लिहायला बसताना संकोच वाटतो आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. व्यक्तिचित्रं मोठ्या माणसांची असतात आणि ती लिहिणारेही जाणते असतात, असं मी समजत आलो. मी जाणता नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझ्या बहिणीचे सासरे. बस चालवून निवृत्त झालेले आणि लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवणारे. त्यांना हे कळलं तर म्हणतील, "पाव्हणं, अभ्यास संपला काय सगळा?" तरी लिहितो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव मारुती, पण निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. माझी सुमनआक्का बेळगावजवळच्या आमच्या उचगावहून निपाणीजवळच्या त्यांच्या घरी सून म्हणून गेली. लग्नानंतर पहिल्यांदा तिला भेटायला गेलो, तेव्हा दारात एक जुनी जीप आणि तिच्या मागं जोडलेला निळा ट्रेलर उभा होता. ट्रेलरात दोन पांढऱ्या घोड्या, राणी आणि हरणी. दुपारनंतर आप्पांना वरातीसाठी बेळगावला निघायचं होतं आणि मलाही तिकडंच परतायचं होतं. माझं लायसन नुकतंच आलं होतं. नव्या पाहुण्यानं काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "आप्पा, थोडं अंतर मी चालवू का?"

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "चालवा की. पण आधी घोडी व्हा."

मला वाटलं चेष्टा करतायत. आक्का दाराआड तोंड लपवून हसत होती. आप्पांनी खरंच घोड्या उतरवून सावलीत बांधल्या, मला फळीवरून ट्रेलरात चढवलं आणि म्हणाले, "हात पाठीमागं. घोडीला धरायला हात नसत्यात." मग शेताकडच्या कच्च्या रस्त्यानं जीप निघाली. पहिल्या वळणाला माझा खांदा पत्र्यावर आपटला. दुसऱ्या वळणाला दुसरा. शेवटी त्यांनी ब्रेक लावला आणि मी खालच्या रबरी मॅटवर बसलो तो बसलोच.

फळी उघडून आप्पांनी विचारलं, "लई पळवली काय?"

"लई," मी म्हणालो.

"मधी एक पोरगं सायकलवरनं आपल्याला मागं टाकून गेलं. दिसलं न्हाय तुम्हांस्नी?"

"न्हाय."

"कसं दिसंल. घोडीलाबी दिसत न्हाय. वळण आलं, खड्डा आला, तिला कोण सांगतंय? चालवणाऱ्यानं सांगायचं. हळू वळवून सांगायचं."

जीपला हात लावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ही परीक्षा होती. एका मोठ्या गुत्तेदाराला, स्वतःच्या मुलाला, आणि म्हणे लग्नघरच्या एका मामालाही त्यांनी घोडी केलं होतं. मात्र हे सगळं शेताच्या रस्त्यावरच. हायवेवर ट्रेलरात माणूस चढवायचा नाही, हा त्यांचा पक्का नियम होता. "हायवेला घोडी घोडीच्या जागी, माणूस माणसाच्या जागी."

ट्रेलर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तयार झाला होता. आप्पांचा मुलगा महेश, म्हणजे आमचे दाजी, तिथं वेल्डिंगचं काम करतात. बाकी लोक घोडा टेम्पोत उभा करून नेतात. आप्पांना ते पसंत नव्हतं. तळ रस्त्यापासून ठेंगणा, एकेका बाजूला दोन-दोन चाकं, दोन घोड्यांमधे लाकडी आडोसा, असा ट्रेलर त्यांनी मुलामागं लागून करून घेतला. दाजींनी तो मन लावून केला, पण एवढंच. घोडी दोन हातांवर आली की त्यांना शिंका सुटतात. आप्पा म्हणायचे, "माझ्या पोटी पोरगं झालं, पर घोडीनं त्याला नापास केलं."

निघण्याआधी आप्पा ट्रेलरभोवती एक फेरी मारत आणि मोठ्यानं म्हणत, "हूक. साखळी. दिवे. चाकं." प्रत्येक शब्दाला तिथं हात लागलाच पाहिजे. आक्का जीपमधून ब्रेक दाबून ओरडे, "पेटला काय?" आणि मागून आप्पा, "डावा पेटला, उजवा रुसलाय." राणी अंगानं जड, म्हणून ती नेहमी उजवीकडं. रस्ता कडेला डावीकडं उतरता असतो, वजन तिकडं पडलं की ट्रेलर कडेला ओढतो, हे त्यांनी मला तवंदीच्या घाटात सांगितलं. घाट ते खालच्या गिअरमध्ये उतरत. मागून गाड्या हॉर्न मारत राहत आणि आप्पा आरशात बघून सावकाश म्हणत, "जा बाबा, तुझ्या मागं घोडी न्हाय." मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्यानं ट्रेलर डुलायचा. तेव्हा ते ब्रेकला शिवत नसत. "पाय उचलायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि गप ऱ्हायाचं. भांडणात करतो तसं." भांडणात ते गप राहिल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

राणीशी ते मराठीत बोलत आणि हरणीशी कन्नडमध्ये, कारण हरणी रायबागकडून आलेली. "निल्लव्वा, निल्ल," म्हटलं की ती दगडासारखी उभी राहायची. मराठीत थांब म्हटलं तर कान हलवून चालू लागायची.

एकदा वरातीला जाताना मी सोबत होतो, तेव्हा वंटमुरीच्या अलीकडं ट्रेलरचं एक चाक पंक्चर होऊन बसलं. आप्पांनी गाडी हळूहळू सर्व्हिस रोडला उतरवली, चाकांना दगड लावले, मागं लांबवर झाडाच्या फांद्या टाकल्या. मी घोड्या उतरवायला फळीकडं गेलो तर ओरडले, "पाव्हणं, फळीला हात लावू नगा. रस्त्याकडंला घोडी उतरवली आन् एक हॉर्न वाजला, तर ती कुणाच्या गाडीवर जाईल ते देवालाबी ठावं न्हाय." शेजारचं चांगलं चाक ओंडक्यावर चढवून पंक्चर चाक त्यांनी मोकळं केलं, आणि घोड्या आत असतानाच ते बदलायला बसले. तेवढ्यात नवरदेवाचे काका मोटरसायकलवरून शोधत आले.

"आप्पा, बँडवाले कवापासनं वाजवायला लागल्यात. एक घोडी द्या, मी धरून चालवत न्हेतो."

"हायवेवरनं?"

"कडेकडेनं."

आप्पांनी पाना खाली ठेवला. "नवरदेव चालत गेला तर लगीन मोडत न्हाय. घोडी बिचकली तर पाय मोडतो. तिचा न्हाय तर तुमचा. कुठला चालंल?"

काका तसेच परत गेले. आम्ही उशिरा पोचलो. नवरदेव मांडवाच्या कोपऱ्यावरूनच घोडीवर बसला, फोटो काढले आणि दहा पावलांवर उतरला. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही घोड्यांचे पाय हातानं चाचपून ते जेवायला बसले.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढं तिचं काम आहे. दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असलं की आप्पांचा डोळा लागत नसे. आयुष्यभर बस चालवलेली. घरचे सगळे तिरुपतीला गेले तेव्हा आप्पा अख्खा प्रवास ड्रायव्हरच्या मागं ताठ बसून होते. शेवटी ड्रायव्हरच कंटाळून म्हणाला, "अण्णा, तुम्ही झोपा, मी जागा हाय." आप्पांनी उत्तर दिलं, "तू जागा हाईस का ते बघायलाच बसलोय."

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एक डोळा बरा आहे, पण दुसऱ्याचं आता काही करता येणार नाही. गाडी चालवणं बंद करा. आप्पांनी वाद घातला नाही. घरी येऊन जीपची किल्ली बंडीच्या खिशात घातली आणि जाहीर केलं की चांगला माणूस मिळाला की राणी-हरणी त्याला देऊन टाकायच्या.

आक्का त्या दिवशी जेवली नाही. दाजींनी मला फोन करून सांगितलं. त्या घरात स्वयंपाक सासूबाईंचा होता, शेत वाटेकऱ्याकडं होतं. घोड्यांची मालिश, खरारा, खाणं एवढंच तिचं स्वतःचं होतं. तिच्या पैंजणांचा आवाज आला की दोघी माना वळवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पांपुढं जाऊन उभी राहिली. "आप्पा, मी चालवतो." आमच्याकडं बायकाही कधी कधी असं बोलतात. "उचगावात ट्रॅक्टर चालवलाय मी."

"ट्रॅक्टराच्या मागं ऊस असतोय गं. ऊस पडला तर उचलता येतोय."

"मग मला घोडी करा."

"तू झालीयास की," आप्पा म्हणाले, "लगीन झाल्यापासनं रोज त्यांच्यातच उभी असतीस. आता मी घोडी हुतो."

त्यानंतरचे दिवस त्या गावानं बराच काळ पुरवून पुरवून हसायला वापरले असतील. सून जीप चालवतेय आणि ट्रेलरात सासरा हात मागं बांधून उभा. कच्च्या रस्त्यानं गाडी मुंगीच्या पावलानं जातेय आणि आतून आवाज येतोय, "मान आपटली गं." "आता ढुंगान आपटलं." तिला ब्रेक जोरात दाबायची सवय होती. एके दिवशी आप्पा कपाळाला टेंगूळ घेऊन उतरले. पारावरचा एकजण म्हणाला, "काय आप्पा, सुनेनं चांगलंच फिरवलं जणू." आक्का खिडकीतून म्हणाली, "काका, तुमच्याबी सुनेला शिकवू काय?"

टेंगूळ यायचं थांबलं तेव्हा घोड्या ट्रेलरात आल्या आणि आक्का हायवेला लागली. आप्पा शेजारच्या सीटवर. पण बसणं कसलं ते. उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर, मान सारखी मागं. "उसाचा ट्रॅक्टर हाय म्होरं, मागं दिवा न्हाय त्याला." "दिसलाय आप्पा." "टोलनाक्याआधी उंचवटा हाय." "ठाव हाय आप्पा." एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमच्या पायानं जीपचा पत्रा फाटंल." प्रत्येक फेरी संपली, घोड्या बांधल्या, की आप्पा हात पुढं करत. आक्का किल्ली त्यांच्या हातावर ठेवी आणि ती बंडीच्या खिशात जाई. त्यांनी सांगून टाकलं होतं, "येती लग्नसराई बघतो. जीव थाऱ्यावर आला तर ठीक. न्हायतर घोड्या देऊन टाकतो. माझा तुझ्यावर राग न्हाय पोरी, माझा जीवच मागं ऱ्हातोय."

त्याच सुमारास मी एम.ए. करायला धारवाडला आलो. निघताना आप्पांना नमस्कार केला तर म्हणाले, "पाव्हणं, शिकून मोठं व्हा. पर कुणाला मागं जोडून न्ह्यायची पाळी आली, तर आधी त्याच्या जागी उभं ऱ्हावा." हे त्यांनी घोड्यांविषयीच सांगितलं असावं. मी मात्र ते अजून बरोबर घेऊन फिरतो.

हॉस्टेलवरून मी आक्काला फोन करायचो तेव्हा एकच प्रश्न असायचा. "आप्पा काय म्हणत्यात?" आणि तिचं उत्तरही एकच, "मागं बघत्यात." दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. मागं बघत्यात. एक माणूस घोड्या बघून गेला, त्याचा ट्रेलर आप्पांना आवडला नाही. सराई संपत आली. मीही विचारायचं टाळू लागलो.

परवा संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज वेगळा होता, म्हणून मी मेसमधून उठून बाहेर आलो.

"अरुण, बेळगावची वरात करून आज परत येत हुतो रं. हत्तरगीचा टोलनाका गेला आन् आप्पा बोलायचे थांबले. मला वाटलं रागावले. बघते तर मान खाली, हात सुटलेले. मागं घोड्या, बाजूनं ट्रक, ब्रेकबी मारता येईना."

"मग?"

"मग घोरायला लागले."

"कुठवर?" मी विचारलं.

"संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला, तरी उठले न्हाईत. एकदाबी हॉर्न वाजवला न्हाय मी. दारात आल्यावर राणी खिंकाळली तवा जागे झाले. म्हणत्यात, झोपलो नव्हतो, गाडीचा अंदाज घेत हुतो."

"आणि किल्ली?"

"माझ्याच कमरेला हाय की. मागितलीच न्हाय त्यांनी."