सकाळची जुळणी

लुंबिनीनं घरी न विचारता संगमेशशी लग्न केलं, तेव्हा तिचा बाप रामकिशन म्हणाला, "मला तोंड दाखवू नको." लेक बापावरच गेलेली, तिनं ते अक्षरशः पाळलं. गंमत अशी, की दोघांची नोकरी एकाच कंपनीत. कंपनी सोयाबीनच्या गोदामांवर नजर ठेवायची. लुंबिनी नांदेडच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यांपुढे, आणि रामकिशन तिकडे मुरुडला जीपवर.

खांबावरचे कॅमेरे जागचे हलत नाहीत. गोदामामागचं त्यांना काय दिसणार? म्हणून जीपच्या टपावर फिरता कॅमेरा बसवला. पण दोन कॅमेऱ्यांचं मिळून एक चित्र व्हायचं, तर एकच माणूस दोघांना दिसायला हवा. म्हणून रोज सकाळी रामकिशन खाली उतरून दोन्ही कॅमेऱ्यांसमोर उभा राही. लुंबिनी दोन्ही पडद्यांवर त्याच्यावर खूण करी, की चित्रं एक होत. याला सगळे जुळणी म्हणत. बाप-लेकीचं जुळत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

तो तोंडाला रुमाल गुंडाळूनच उभा राही. कंपनीच्या फोनवर विचारी, "दिसून राहिलं का, म्याडम?"

"दिसलं," ती म्हणे.

एवढंच बोलणं. तिनं घरून केलेला फोन तो उचलत नसे. रुमालावरचे डोळे ती पडद्यावर मोठे करून बघे. तो खोकला, की दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नसे. लहानपणापासून तो तिला 'माय' म्हणायचा. ती हाक एकदा कानावर पडावी म्हणून तिचा जीव नुसता आसुसला होता.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. आता जुळणी आपोआप होणार, माणूस उभा करायची गरज नाही. साहेब खूश. रामकिशनला हे कळवायचं काम आलं लुंबिनीकडेच.

"उद्यापासून खाली उतरू नका," ती म्हणाली.

पलीकडून, "बरं."

दुसऱ्या दिवशी जीप आली, चित्रं आपोआप जुळली, पडद्यावर हिरवी खूण उमटली. लुंबिनीनं मान खाली घातली. तेवढ्यात फोन वाजला. तिनं वर पाहिलं, तर रामकिशन खांबासमोर उभा, रुमाल हातात. दाढी पार पांढरी झाली होती. तिला हे ठाऊकच नव्हतं.

"उतरायचं नव्हतं ना," ती कशीबशी म्हणाली.

"हाव," तो म्हणाला. "दिसून राहिलं का, माय?"