पिवळ्याचा जांभळा

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे शेडमास्तर म्हणत. गिऱ्हाइकाने चिंधी आणायची आणि यांनी खिडकीपाशी उभं राहून, डोळे बारीक करून, हुबेहूब त्याच रंगाचा तागा काढून द्यायचा. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे परसातली तलवारीसारख्या पानांची पिवळी आयरिस वर्षागणिक जांभळी दिसू लागली तेव्हा मास्तरांनी धास्ती घेतली, ती काही फुलांच्या काळजीने नव्हे.

मास्तरांचं तर्कशास्त्र सरळ होतं. रंग विटतो, उडतो, धुण्यात उतरतो. पण पिवळ्याचा जांभळा झालेला त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे फूल बदललेलं नाही. मग बदललं काय? त्यात कारखान्याने यंदा पहिल्यांदाच डोळ्यांची तपासणी काढली होती, येत्या सोमवारी. नापास झालेला माणूस रंगखात्यातून थेट घड्या घालायला. बायकोला विचारावं, तर ती "पिवळीच आहेत की" म्हणाली म्हणजे खेळ खलास. चार वर्षं त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

रविवारी बायको बहिणीकडे गेली आणि मास्तरांनी खुरपं घेऊन वाफा उकरला. आल्यासारखे कंद एकमेकांच्या उरावर बसले होते. जांभळ्या फुलाचा दांडा धरून खाली जावं, तर दरवेळी गुबगुबीत कंद लागे. त्यांच्याखाली मात्र दुसरेच निघाले: किडकिडीत, चेपलेले, नुसती पानं धरून जीव जगवणारे. एकाला तेवढी करंगळीएवढी कळी होती. मास्तरांनी ती नखाने सोलली. आत पिवळं. उन्हात धरलं, सावलीत धरलं, आलटून पालटून एकेक डोळा मिटून पाहिलं. पिवळं ते पिवळंच.

फाटक वाजलं. मातीत बरबटलेल्या नवऱ्याला पाहून बायको थबकली.

"आता जांभळीही नकोत वाटतं?"

मग कळलं की गुळणी तिनेही धरली होती. तिने हौसेने लावलेली पिवळी यांनी गुपचूप काढून आपल्या आवडीची जांभळी लावली, अशी तिची पक्की समजूत. कशाला वाद, म्हणून ती गप्प.

"म्हणजे तुलाही जांभळीच दिसतात?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"न दिसायला काय झालं? अहो, पहिल्याच वर्षी कोपऱ्यात एक जांभळं आलं होतं. तुम्हीच म्हणालात, चुकून आलंय बिचारं, राहू दे."

त्या बिचाऱ्याने पाय पसरत पसरत घरमालकालाच खाली दाबलं होतं. मास्तर पायरीवर बसून हसत सुटले आणि हसता हसता तपासणीचं सगळं बोलून गेले. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. एवढा जगाला रंग दाखवणारा माणूस, म्हणाली, आणि घरात एक प्रश्न विचारवेना.

उन्हं कलेपर्यंत दोघांनी किडकिडीत कंद निवडून वेगळ्या वाफ्यात लावले. सोमवारी तपासणीच्या रांगेत शेडमास्तर पहिले होते. डॉक्टर यायला अजून तासभर होता.